नापास व्हायला गेलेला माणूस

मास्तरांचा पाय बुटात जाईना. उजवा गेला नाही म्हणून डावा घालून पाहिला, तर तो त्याच्याहून हट्टी. बूट त्यांचे स्वतःचे होते, पाय तर त्यांचे होतेच होते, आणि तरी दोघं एकमेकांना ओळख दाखवायला तयार नव्हते. पलंगाच्या कडेला बसून, जीभ दातांखाली धरून मास्तरांनी चमच्याचा दांडा टाचेमागे सरकवला. दांडा वाकला. बायको आरशापाशी केस बांधत होती. ती आरशातूनच म्हणाली, "तो चमचा परत जागेवर ठेवू नकोस हं. घासायला टाक." "अगं, पण माझे पाय वाढलेत!" "या वयात पाय वाढत नाहीत. पसरतात. इतकी वर्षं ओल्या फरशीवर अनवाणी फिरलास, दुसरं काय होणार?" बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून नंबर काढते, त्यामुळे शरीराच्या कुठल्याही भागाबद्दल ती एका वाक्यात निकाल देते. "टाचा मोड आणि घाल. मुलाखतीत टेबलाखाली कोण बघतंय?" एवढं बोलून ती दुकानात गेली, आणि मास्तर आपल्या पायांकडे बघत बसले. रुंद, पांढरट, बोटं एकमेकांपासून सुटी होऊन ऐसपैस बसलेली. पाय वाईट दिसत होते असं नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच. हे झालं कधी? कुणाला विचारून झालं? पायांनी परस्पर काहीतरी ठरवून टाकलं होतं, आणि मालकाला ते बूट घालायची वेळ आल्यावर कळत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शहराच्या एका कोपऱ्यात, पत्र्याच्या छताखाली जो पोहण्याचा तलाव आहे, तिथं ते मोठ्या माणसांना पोहायला शिकवतात. खरं म्हणजे पोहायलाही नाही, तरंगायला. पोहणं पुढचे लोक शिकवतात. मास्तरांकडे येतात ते पाण्याला घाबरणारे, आणि घाबरण्यात चांगले मुरलेले. आई शेजारणींना सांगते, "आमचा मुलगा जलविभागात मोठ्या हुद्द्यावर आहे." एका शेजारणीने त्यावर नळाला पाणी कमी येतं अशी तक्रार केली, तेव्हा आईने "सांगते त्याला" असं म्हणून तिची समजूतही घातली होती. त्याआधी मास्तर एका विमा कंपनीत होते. गुबगुबीत खुर्ची, थंडगार हवा, लोकांना झालेल्या अपघातांचे कागद. ती नोकरी त्यांनी सोडली, अशी घराण्यात एक कथा आहे. कथा मेहुण्याने रचली आणि लग्नाकार्यांतून फिरवली. "भावजींनी सरळ लाथ मारली हो! म्हणाले, मला मनासारखं जगायचंय." ऐकणारे मास्तरांकडे आदराने बघत आणि मास्तर ताटाकडे बघत. खरी गोष्ट अशी होती की लाथ बसली होती ती मास्तरांना. त्यांचा विभागच बंद झाला होता. पुढे घरात भिंती बघत बसवेना म्हणून ते तलावावर जाऊ लागले. तिथल्या शिकवणाऱ्याचा पाय मोडला, आणि व्यवस्थापक म्हणाला, "अहो, तुम्ही नुसते पाण्यात उभे राहा. कुणी बुडलं नाही म्हणजे झालं." मास्तर उभे राहिले. ते अजून उभेच होते. लाथ मारणारा शूर पुरुष ते कधी नव्हतेच. पाण्याने एका ओंडक्याला काठाला लावावं तसे ते तिथं लागले होते, आणि तिथं त्यांना इतकं बरं वाटत होतं की कधीकधी भीती वाटे, कुणीतरी येऊन पावती मागेल.

ती मागणी मागल्या आठवड्यात आली. जुने साहेब आता कंपनीचे सर्वेसर्वा झाले होते, त्यांचा फोन आला. प्रशिक्षण विभागाला प्रमुख हवा होता. "तुमचं नाव मीच सुचवलंय. मुलाखत म्हणजे नुसता उपचार आहे. तीन मंडळींसमोर जरा बसायचं." आईला बातमी कळताच ती हॉलमधल्या आपल्या दिवाणाकडे अशा नजरेने बघू लागली की जणू तिला स्वतःची खोली मिळालीच. मेहुणा धावत आला. "भावजी, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नका!" म्हणजे लाथ मारल्याचे पोवाडे गाणारा तोच, आणि टिळा लावून घ्या म्हणणाराही तोच. पण मास्तरांना धास्ती होती ती बायकोची. रात्रीची भांडी पुसताना ती एवढंच म्हणाली, "तू ठरव." या दोन शब्दांनी जगात किती पुरुषांचे बळी घेतले असतील कोण जाणे. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि पळायला कुठं फटही नव्हती. घर तिच्या खांद्यावर चाललं होतं. तलाव जे देत असे त्यात मास्तरांचं हसू येई, संसार येत नसे. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ ती दुकानात उभी राही, आणि रविवारी दुपारी आडवी पडली की डोळ्यांवर ओला रुमाल ठेवी. तो रुमाल बघितला की मास्तर खोलीबाहेर जाऊन बसत, आणि सोमवारी पहाटे तलावावर गेलं की तो विसरत. आपण सुखी आहोत आणि त्याचं भाडं दुसरं कुणी भरतंय, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. मुलाखतीला जायचं आणि नापास व्हायचं. हो म्हणायला नको, नाही म्हणायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. "प्रयत्न केला, पण घेतलं नाही." आई चार दिवस कंपनीला शिव्या घालेल, मेहुणा जमाना वाईट आला म्हणेल, बायको खांद्यावर हात ठेवेल, आणि सोमवारी पहाटे आपण पाण्यात. आता टाचा मोडलेल्या बुटांतून पाय ओढत ते रस्त्याने निघाले तेव्हा त्यांच्या मनात आलं की देव पाठीशी आहे. असे बूट घालून आलेल्याला कोण घेईल? कंपनीच्या इमारतीत फिरतं दार होतं. त्यातून आत पडेपर्यंत एक बूट मागे राहिला आणि तो आणायला त्यांना दाराबरोबर आणखी एक पूर्ण फेरी मारावी लागली. पुढे लांबच लांब गुळगुळीत फरशी. फटक, फटक, फटक. स्वागतकक्षातल्या मुलीने मान वर केली, ती मास्तर सोफ्यावर बसेपर्यंत खाली घातली नाही.

सोफा खोल होता. बसलं की गुडघे छातीशी यायचे. आणि मग तो वास आला: गालिच्याचा, यंत्रातल्या कॉफीचा, गार हवेत सुकलेल्या कागदांचा. इतक्या वर्षांनीही तसाच. मास्तरांना वाटलं होतं की तो वास आला की जीव गुदमरेल. तसं काही झालं नाही. उलट खांदे सैल झाले. कोरडं किती छान असतं, हे ते विसरूनच गेले होते. तलावावर सगळं ओलं: टॉवेल ओला, पिशवी ओली, खिशातली नाणी ओली, हिवाळ्यात हाडंसुद्धा ओली. नाकात कायम औषधाचा वास, डोळे लाल, आणि पत्र्यावर आदळून परत येणारे आवाज, त्यामुळे घरीही मास्तर ओरडूनच बोलतात. इथं कसं शांत होतं. एक माणूस समोरून फायली घेऊन गेला तेव्हा कुणीतरी त्याच्यासाठी दार धरलं. मास्तरांसाठी शेवटचं दार कुणी धरलं होतं? ही जुनी नोकरी आपल्याला नकोशी कधीच नव्हती, हे त्यांना आठवलं. त्यांना तिथली खुर्ची आवडायची. दुपारी चारला खिडकीत येणारं ऊन आवडायचं. आपल्याला इथं बरं वाटतंय, या जाणिवेने मास्तर दचकून सोफ्यात ताठ बसायला गेले आणि आणखीच खाली गेले. नापास व्हायला आलेल्या माणसाला पास व्हावंसं वाटू लागलं तर त्याने करावं काय?

अशा वेळी नेमक्या जजबाई आठवल्या. त्या निवृत्त न्यायाधीश. तलावात उतरताना सगळं पाणी उठून उभं राहील अशा थाटात उतरतात. पण मान खाली टेकवायला तयार नाहीत. कान पाण्यात गेले की त्यांचा धीर सुटतो. "मास्तर, दोन्ही बाजू ऐकू आल्याशिवाय मी आयुष्यात कधी निर्णय दिलेला नाही. या पाण्याने मला बहिरं केलं तर मी कुणावर भरवसा ठेवायचा?" मास्तर त्यांच्या डोक्याखाली तळवा धरून उभे राहत. नुसतं उभं राहायचं, हेच त्यांचं काम. भ्यालेल्या माणसाचं डोकं तळव्यावर नसतंच. ते त्याने स्वतःच्याच मानेवर उचलून धरलेलं असतं. हाताला नुसते केस लागतात. दिवसच्या दिवस केस. आणि मग एखाद्या सकाळी, काही कारण नसताना, डोकं हातात येतं. चांगलं जड येतं. आयुष्यभर कुणाच्या हाती न दिलेलं ओझं माणूस आपल्या हातात ठेवतो. थोड्या वेळाने ते ओझं पाणी आपल्याकडे घेतं. हात रिकामा होतो. मग हात काढून घ्यायचा, पण तोंडाने म्हणत राहायचं, "धरलंय हं मी, धरलंय." हे मास्तरांचं रोजचं खोटं. जजबाईंचं डोकं अजून हातात आलेलं नव्हतं. आज सकाळीही आलं नव्हतं. मास्तरांना एकदम वाटलं, ते आलं आणि त्या वेळी आपण इथं सोफ्यात असलो तर?

"या, या!" साहेबांनी स्वतः दार उघडलं. आत साहेब, एक चष्मेवाल्या बाई आणि एक तरुण गृहस्थ, जो मास्तरांनी श्वास घेतला तरी तो टिपून घेत होता. मास्तर फटक फटक करत खुर्चीपर्यंत गेले. चष्मेवाल्या बाईंनी वाकून बुटांकडे पाहिलं. सुटलो, असं मास्तरांना वाटलं. "टाचा मोडल्यात का तुम्ही?" बाईंनी विचारलं. "हो. पाय जाईनात." बाई दोघांकडे वळून म्हणाल्या, "किती मोकळेपणा आहे बघा. आपल्याकडे हाच तर उरलेला नाही." तरुणाने मोकळेपणा टिपून घेतला. मग त्याने विचारलं, "आपली सर्वांत मोठी उणीव?" इथं मास्तरांनी मनापासून घाव घातला. "मला काहीही ठरवता येत नाही. आजवर माझ्या आयुष्यात जे झालं ते आपोआप झालं." "म्हणजे तुम्ही परिस्थितीला वाव देता," साहेब म्हणाले. "घाई करत नाही." "मधल्या काळात आपण नक्की काय केलंत?" "पाण्यात उभा होतो." तिघांनीही मान डोलावली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे; इथं मास्तर मारुतीच करायला बसले होते आणि हाताखाली सुबक गणपती होत चालला होता.

आता निर्वाणीचा उपाय म्हणून त्यांनी सगळं खरं सांगायचं ठरवलं. इतकं खरं की ऐकणारा कंटाळून मरेल. त्यांनी जजबाईंचे कान सांगितले. बेकरीवाला सांगितला, जो बुचासारखा तरंगतो पण आपण बुडतोय अशी त्याची ठाम समजूत आहे आणि तरंगता तरंगता 'वाचवा' म्हणून ओरडतो. नवरा गेल्यावर पोहायला आलेली मावशी सांगितली, जी पहिल्यांदा तरंगली तेव्हा रडली, आणि विचारल्यावर म्हणाली, "काही नाही रे, पाठीला खालून कुणीतरी आहे असं वाटलं." तळवा सांगितला, केस सांगितले, जडपणा सांगितला. सांगता सांगता मुलाखत आहे हे ते विसरले आणि त्यांचा तलावावरचा मोठा आवाज बाहेर आला. बोलणं थांबलं तेव्हा तरुणाने टिपणं थांबवलं होतं. साहेबांचे डोळे चमकत होते. "हेच!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "अहो, आमच्या माणसांना हेच शिकवायचंय! ग्राहक घाबरलेला असतो. त्याचा दावा आपण नाकारणार असतो. पण कसा नाकारायचा? हात केव्हा काढून घेतला ते त्याला कळता कामा नये. तोंडाने आपलं चालूच: धरलंय, धरलंय!" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "सुरेख." तरुणाने 'धरलंय' टिपून घेतलं. "कधीपासून येता?" साहेबांनी विचारलं.

पहिल्यांदा मास्तरांना राग आला, आणि रागापाठोपाठ, त्याच्या हातात हात घालून, आनंद आला. कारण सापडलं होतं! किती भरभक्कम, किती देखणं कारण! 'हे माझ्या तत्त्वात बसत नाही' असं म्हणून उठायचं. मेहुण्याला नव्या कथेची सोय होईल. आईलासुद्धा तत्त्वापुढे बोलता येणार नाही. शब्द जिभेवर आलाच होता, आणि मास्तरांना स्वतःचीच लबाडी दिसली. समजा, साहेब असं बोललेच नसते तर? समजा, काम चांगलं असतं, लोकांच्या भल्याचं असतं, दार धरणाऱ्या माणसांमधलं असतं, तर आपण आलो असतो का? नसतो आलो. दुपारी चारचं ऊन घेऊनही नसतो आलो. मग तत्त्वाला कशाला पुढे करायचं? पूर्वी विभाग बंद झाला होता, मग कुणाचा पाय मोडला होता, आज नापास व्हायचं होतं, ते जमत नाही म्हटल्यावर तत्त्व. दर वेळी कुणीतरी दुसरंच आपल्या वतीने ठरवतं, आणि आपण बिचारे उभे. खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांना घाम फुटला. त्या थंडगार हवेत ओलं असं तेवढंच होतं. "मला यायचं नाही," ते म्हणाले. साहेबांनी विचारलं, "का?" "मला तिथंच आवडतं." साहेब हसले. साहेब जाणते होते. त्यांनी कागदावरचा पगाराचा आकडा खोडून त्यावर मोठा लिहिला आणि कागद पुढे सरकवला. "साहेब, तसं नाही. खरंच आवडतं." साहेबांनी तोही खोडला. "वाटाघाटी छान करता तुम्ही," चष्मेवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. तिसऱ्यांदा कागद येताना दिसला तेव्हा मास्तर उठले. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तशी गत. फक्त इथं भीकही भरघोस होती. "मी जातो," ते म्हणाले, आणि तलावावरच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे बाहेरच्या मुलीलाही ऐकू गेलं. त्यांनी आयुष्यात स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट. ती ठरवताना शूर वाटेल अशी त्यांची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. फटक फटक करत ते दारापर्यंत गेले.

चष्म्याचं दुकान तिथून जवळच. रस्ता ओलांडेपर्यंत भीती सुरू झाली. ओला रुमाल आठवला. आईचा दिवाण आठवला. घेतलं नाही म्हणून सांगावं का? कोण बघायला जातंय? दुकानाच्या मागल्या काळोख्या खोलीत बायको एका आजोबांचे डोळे तपासत होती. आजोबांच्या नाकावर ती लोखंडी चौकट, त्यात बायको भिंगं घालत होती आणि काढत होती. "हे बरं, की हे?" "दोन्ही सारखीच." "नीट बघा. हे, की हे?" तिने मास्तरांना दारात पाहिलं आणि तिचा हात थांबला. "काय झालं?" "नाही जमलं," मास्तर म्हणाले. बायकोचा चेहरा मऊ झाला. खांद्यावर हात ठेवण्याआधी होतो तसा. "घेतलं नाही त्यांनी? जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस." बस, एवढंच हवं होतं. आता नुसती मान हलवली की सगळं मनासारखं. मास्तरांनी मान हलवली. पण ती आडवी हलली. "घेतलं त्यांनी. आकडा खोडून खोडून घेत होते. मीच नको म्हटलं." "का?" "मला तलावावर आवडतं म्हणून. दुसरं काही नाही. तुझे हाल होतात ते मला दिसतं, रोज दिसतं, आणि तरी नको म्हटलं."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळून उभा होता. बायकोने हातातलं भिंग पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. "आजोबा, दोन मिनिटं थांबा हं. मला नवऱ्यावर रागवायचंय." "रागवा, रागवा," आजोबा म्हणाले, "मला तसंही काही दिसत नाहीये." आणि बायको रागावली. तिचा असा आवाज मास्तरांनी लग्नापासून ऐकला नव्हता. "तुझी नोकरी गेली तेव्हा मी कुणावर रागवायचं होतं? विभागावर? त्या पाय मोडलेल्या माणसावर? सगळं येऊन तुझ्यावर आदळत होतं आणि तू आपला मधे उभा, गरीब गाय! मी रोज रात्री पाय चेपत बसायची स्वतःचे, आणि मनात म्हणायची, बिचारा, त्याचा काय दोष. अरे, इतकी वर्षं या घरात मला रागवायला माणूसच सापडला नाही! भिंतीशी किती दिवस भांडायचं?" तिचे डोळे भरून आले आणि ते तिने मनगटाने पुसले. "आवडतं म्हणे. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तुला आवडतं हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू घरी येऊन ओरडून बोलायला लागलास तेव्हाच. मी वाट बघत होते, हा स्वतःच्या तोंडाने कधी म्हणतोय." "आत्ता म्हटलं," मास्तर पुटपुटले. "हो ना! मग आता माझं ऐक. संध्याकाळचं दुकान मी सोडणार. मलाही काय आवडतं ते मला बघायचंय. ते काय आहे ते मला माहीतसुद्धा नाही, इतकी मी दमलेय. घरात त्यामुळे काय काय कमी होईल ते तुझ्या आईला तू सांगायचं. आणि तिला खोली मिळणार नाही हेही तूच सांगायचं. तत्त्वबित्त्व काढायचं नाही. मला आवडतं म्हणून, असंच सांगायचं." "सांगतो." "तोंडावर सांगायचं." "सांगतो ना."

आजोबांनी चौकटीतून अंदाजाने मास्तरांच्या दिशेला पाहिलं आणि मान डोलावली. मास्तरांना सुटल्यासारखं वाटत नव्हतं. भयंकर वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्यात एक पक्की जमीन होती, तिच्यावर ते उभे होते. इतकी वर्षं बायको आपल्याला बिचारा समजत होती, हे त्यांना आज कळलं. ते ज्याला प्रेम समजत होते त्यात अर्धी ही कीव होती. आता ती पुन्हा कधी तसं समजणार नव्हती. त्यांनी घसा साफ केला. "मग मी निघू का? संध्याकाळचा वर्ग—"

"निघू काय?" बायको म्हणाली आणि पायाने स्टूल त्यांच्याकडे ढकललं. "माझं अजून संपलेलं नाही. बस."

मास्तर बसले.